कादंबरीतील हृदयस्पर्शी प्रसंगांवर परीक्षेत उत्तर कसे लिहावे

‘नेमलेल्या कादंबरीतील हृदयस्पर्शी प्रसंगांचे विवेचन करा’ हा प्रश्न पाहिला की बहुतेक विद्यार्थ्यांना हायसे वाटते आणि ते चार-पाच प्रसंगांचे कथानक ओळीने सांगून मोकळे होतात. परीक्षकाने ती कादंबरी वाचलेली असते. प्रसंग वाचकाच्या मनाला का भिडतो आणि लेखकाने त्याची तयारी आधीच्या प्रकरणांत कशी करून ठेवली आहे, हे त्याला वाचायचे असते.

उदाहरणादाखल वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ (१९५९) घेऊ. पूरू आपले तारुण्य ययातीला देतो, हा प्रसंग जवळजवळ प्रत्येक उत्तरात येतो आणि बहुधा ‘पुत्राचा थोर त्याग’ एवढ्यावर संपतो. मात्र ही कथा महाभारतातली असल्याने तारुण्याच्या देवघेवीचे वाचकाला आश्चर्य वाटत नाही. परिणाम दुसरीकडून येतो. या कादंबरीत ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा हे तिघेही आपापली कहाणी प्रथमपुरुषी निवेदनातून सांगतात. तान्ह्या पूरूला घेऊन हस्तिनापूर सोडणाऱ्या शर्मिष्ठेचे मन आपण तिच्याच तोंडून ऐकलेले असते, म्हणून पूरूचे अकाली वार्धक्य आपल्याला आईच्या बाजूने जाणवते. शिवाय मागणारा ययाती परका नाही. त्याच्या वासनेचा प्रवास त्याने स्वतःच सांगितलेला असल्यामुळे त्याचा राग येतो आणि कीवही वाटते. हे लिहिले की उत्तर कथानकापलीकडे जाते.

लिहायला बसण्यापूर्वी कच्च्या मुद्द्यांसाठी चार-पाच मिनिटे द्यावीत. दोन प्रसंग पुरेसे आहेत. जागा आणि वेळ असेल तर तिसरा घ्यावा. ते एकाच भावनेचे नसावेत: एक वियोगाचा असेल, तर दुसरा त्यागाचा किंवा पश्चात्तापाचा निवडावा. प्रत्येक प्रसंगासाठी कथानक दोन-तीन वाक्यांत आटोपून उरलेली जागा निवेदक कोण आहे, पात्रांचे आधीचे नाते काय होते, संवाद किती आणि मौन किती, आणि त्या प्रसंगानंतर कोणते पात्र बदलते, यासाठी वापरावी.

शेवट आधीच ठाऊक असलेल्या कादंबऱ्यांबाबत आणखी एक मुद्दा हाताशी ठेवावा. कोवाडच्या रणजित देसाईंच्या ‘स्वामी’त माधवराव पेशव्यांचा १७७२ मध्ये थेऊरला झालेला अंत इतिहासाने ठरवूनच दिलेला आहे. तेथे पुढे काय होईल ही उत्सुकता उरत नाही, म्हणून माधवराव आणि रमाबाई यांच्या सहवासाच्या साध्या प्रसंगांनाही येऊ घातलेल्या ताटातुटीचा भार येतो.

कोल्हापूरच्या विद्यार्थ्यांना एक मोह हमखास होतो. शिवाजी विद्यापीठाच्या आवारातले खांडेकरांचे स्मृतिसंग्रहालय पाहिलेले असते, १९७४ च्या ज्ञानपीठ पुरस्काराचा अभिमान असतो, आणि उत्तराचे पहिले पान लेखकाच्या चरित्रातच खर्ची पडते. प्रश्न प्रसंगांवर असताना या माहितीला एका वाक्याहून अधिक जागा देऊ नये.

‘अत्यंत करुण’, ‘डोळ्यांत पाणी आणणारा’ अशी विशेषणे जितकी कमी तितके बरे. अवतरण शब्दशः पाठ असेल तरच द्यावे, अन्यथा आशय आपल्या शब्दांत मांडावा. खांडेकरांच्या अलंकारप्रचुर भाषेमुळे एखाद्या ठिकाणी भावना सांगितली जाते पण जाणवत नाही, असे प्रामाणिकपणे वाटत असेल तर तेही लिहावे. फक्त ते ठिकाण नेमके दाखवावे. वेळ अपुरा पडू लागला, तर तिसऱ्या प्रसंगाची घाईने सुरुवात करण्याऐवजी दुसऱ्या प्रसंगाचे विवेचन पूर्ण करावे.