एअर सस्पेन्शनची गाडी रात्रीत बसते? कॉम्प्रेसर बदलण्याआधी या चुका टाळा

संध्याकाळी नीट उभी केलेली गाडी सकाळी पोटाशी टेकलेली दिसते. सुरू केली की बराच वेळ खालून घरघर येते, मग डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. गॅरेजमध्ये पहिलं वाक्य ठरलेलं असतं: कॉम्प्रेसर गेला. नवा कॉम्प्रेसर बसतो, गाडी पुन्हा उंच उभी राहते आणि काही महिन्यांत तीच घरघर परत येते. कारण बहुतेक गाड्यांत कॉम्प्रेसर मरतो तो दुसरीकडे कुठेतरी हवा गळत असते म्हणून. गळती न शोधता नवा पंप लावणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतत राहणं.

उदाहरणासाठी लँड रोव्हर डिस्कव्हरी 3 (2004 पासून) आणि डिस्कव्हरी 4 (2009 पासून) घेऊ. रेंज रोव्हर स्पोर्टच्या 2005 ते 2013 या पिढीत जवळजवळ हीच रचना आहे. जुन्या बाजारात या गाड्या आज मोहात पाडणाऱ्या किमतीला मिळतात, पण त्यांचं सस्पेन्शन समजून घेणारे हात कमी आहेत. रचना अशी: चार कोपऱ्यांत चार एअर बॅग (स्प्रिंगच्या जागी हवा भरलेल्या रबरी पिशव्या), प्रत्येकीच्या पोटात शॉक अ‍ॅब्सॉर्बर. पुढे एक, मागे एक आणि टाकीपाशी एक असे तीन व्हॉल्व्ह ब्लॉक (हवा कुठे जायची ते ठरवणाऱ्या झडपांचे ठोकळे). एक हवेची टाकी, एक कॉम्प्रेसर, चार उंचीचे सेन्सर आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या बारीक नायलॉन नळ्या. नेहमीच्या उंचीला पोटाखाली 185 मिमी जागा असते, ऑफ-रोड उंचीला 240 मिमी. हे 55 मिमी उचलायला लागणारी हवा आधीच टाकीत भरून ठेवलेली असते. कॉम्प्रेसरचं मुख्य काम ती टाकी भरलेली ठेवणं.

चूक पहिली: सगळी गाडी खाली बसली म्हणजे सगळीकडे बिघाड, असं धरणं

इथे भलेभले फसतात. गाडी बंद करून गेल्यावरही सस्पेन्शनचं मॉड्यूल (त्याचा छोटा कॉम्प्युटर) पूर्ण झोपत नाही. दोन तासांनी आणि त्यानंतर दर सहा तासांनी ते जागं होतं, चारही कोपऱ्यांची उंची बघतं आणि सगळ्यात खाली गेलेल्या कोपऱ्याच्या बरोबरीला बाकीचे तीन उतरवतं. उभी गाडी तिरकी दिसू नये म्हणून ही सोय आहे. परिणाम असा की गळतो फक्त मागचा डावा कोपरा, पण सकाळी गाडी चारही बाजूंनी सारखी बसलेली दिसते, आणि मालकाला चार बॅगांचं कोटेशन मिळतं.

खरा चोर पकडायचा तर मॉड्यूलला रात्रभर झोपवावं लागतं. सपाट फरशीवर गाडी नेहमीच्या उंचीला उभी करा. प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत उभं अंतर टेपने मोजा आणि मिमीमध्ये कागदावर लिहा. इंजिन बंद करा, दारं लावा आणि मालकाच्या पुस्तिकेत बघून सस्पेन्शन मॉड्यूलचा फ्यूज काढा. व्हॉल्व्ह वीज नसताना बंदच राहतात, त्यामुळे ज्या बॅगेत जेवढी हवा आहे तेवढी तिथेच अडकते. बारा तासांनी, फ्यूज परत लावण्याआधी, पुन्हा मोजा.

एकच कोपरा खाली गेला असेल तर त्या बॅगेत किंवा तिच्या नळीत गळती आहे. एकाच अ‍ॅक्सलचे (म्हणजे पुढचे किंवा मागचे) दोन्ही कोपरे बरोबरीने उतरले तर त्या अ‍ॅक्सलच्या व्हॉल्व्ह ब्लॉककडे बघा. चारही कोपरे फक्त दोन-चार मिमी उतरले असतील तर घाबरू नका. दुपारी 35 अंशांना मोजलेली गाडी पहाटे 20 अंशांना मोजली, तर नुसत्या थंडीने आतला दाब सुमारे 5 टक्के कमी होतो. म्हणून दोन्ही मापं शक्यतो सारख्या तापमानाला घ्या.

चारही कोपरे जागच्या जागी असतील तर टाकी तपासायची. फ्यूज लावा, गाडी सुरू करा, उंचीचं बटण वर दाबा. टाकी भरलेली असेल तर गाडी लगेच, जवळजवळ आवाज न करता उठते. आधी कॉम्प्रेसरची घरघर आणि मग सावकाश उठणं, याचा अर्थ टाकी रात्रीत रिकामी झाली. मग टाकीचे जोड आणि तिचा व्हॉल्व्ह ब्लॉक बघा.

साबणाचं पाणी, पण योग्य जागी

कोपरा कळला की साबणाचं पाणी मारायचं. एक लिटर साध्या पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन चमचे आणि फवारणीची बाटली एवढं पुरतं. चूक होते ती जागा निवडताना. या गाड्यांत बॅगेचा वरचा भाग धातूच्या डब्यात असतो आणि रबर डब्याच्या खालच्या तोंडातून बाहेर येऊन आत दुमडलेलं असतं. तडा बहुतेक वेळा त्या दुमडीतच पडतो. नेहमीच्या उंचीला तो घडीत लपतो, ऑफ-रोड उंचीला उघडा पडतो किंवा उलट. म्हणून एकाच उंचीला फवारून "काही नाही" म्हणू नका. खालच्या, नेहमीच्या आणि वरच्या अशा तिन्ही उंचींना फवारा आणि प्रत्येक वेळी टॉर्च धरून निदान पाच मिनिटं थांबा. मोठ्या गळतीचे बुडबुडे लगेच फुगतात. बारीक गळतीत आधी काहीच दिसत नाही, मग डब्याच्या कडेला ताकावरच्या फेसासारखी पांढरी रेघ हळूहळू जमते. ती रेघच आपल्याला हवी असते. झालं की साध्या पाण्याने धुऊन टाका. डिझेल, थिनर, ग्रीस किंवा टायर चमकवायचं तेल बॅगेच्या रबरावर अजिबात लावू नका.

हे करताना नुसत्या जॅकवर किंवा हवेच्या भरवशावर असलेल्या गाडीखाली शिरू नका. बॅगेतली हवा एका क्षणात जाऊ शकते आणि दोन टनांहून जड गाडी त्याच क्षणात खाली येते. चॅसिसखाली स्टँड हवेतच. नळीचा जोड सोडण्याआधी स्कॅनरने (गाडीच्या मॉड्यूलशी बोलणाऱ्या यंत्राने) त्या कोपऱ्यातली आणि टाकीतली हवा काढून टाका. टाकीत साधारण 15 बार दाब असतो, म्हणजे कारच्या टायरच्या सहा-सात पट.

कोड वाचून थेट पार्ट मागवणं

स्कॅनरवर दिसणारा C1A20 हा दोषाचा कोड या गाड्यांत वारंवार येतो. त्याचा अर्थ इतकाच की टाकी भरताना दाब हवा त्या वेगाने वाढत नाही. पिस्टनची रिंग झिजली असेल, हवा आत घेणारा फिल्टर चिखलाने बुजला असेल, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (हवा बाहेर सोडणारी झडप) नीट बसत नसेल किंवा एखादा जोड गळत असेल, तरी कोड हाच. गळणारी जागा न दाखवता कॉम्प्रेसरच्या डोक्यावर दोषाचं खापर फोडतो तो हाच कोड. रात्रभराची चाचणी स्वच्छ आली आणि तरी C1A20 येत असेल, तेव्हाच कॉम्प्रेसर खोला.

खोलल्यावर सगळ्यात बोलका भाग म्हणजे ड्रायर. कॉम्प्रेसरला जोडलेल्या डब्यात ओल शोषणारे बारीक मणी असतात. ते पांढऱ्या कागदावर ओता. निरोगी मणी गोल, कोरडे आणि सुटे असतात, कागद कलता केला की घरंगळतात. बिघडलेल्या ड्रायरमधून पिठासारखी भुकटी आणि ओले गठ्ठे पडतात. ही भुकटी पुढे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि व्हॉल्व्ह ब्लॉकच्या सीटवर जाऊन बसते, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि नवी गळती सुरू होते. म्हणजे जुन्या ड्रायरची भुकटी नळ्यांत तशीच ठेवून नवा कॉम्प्रेसर लावला, तर आजार घरातच राहिला. नळ्या फुंकून साफ करा आणि व्हॉल्व्ह ब्लॉक गळतो का ते पुन्हा बघा.

मणी ओले का होतात हेही सांगायला हवं. गाडी खाली येते तेव्हा बाहेर जाणारी कोरडी हवा ड्रायरमधून उलटी जाते आणि मण्यांनी शोषलेली ओल सोबत घेऊन जाते. गळती असेल तर कॉम्प्रेसर सतत ओली हवा आत खेचतो, पण ती हवा ड्रायरमधून परत न जाता तड्यातून निघून जाते. मणी भरत राहतात, वाळत नाहीत. कोकणातल्या जुलैच्या हवेत हे किती लवकर होतं ते वेगळं सांगायला नको.

मणी बदलताना बुटांच्या खोक्यातल्या पुड्या फोडून भरू नका. त्याच प्रकारचे, त्याच आकाराचे मणी घ्या आणि डबा ठासून भरा. सैल भरलेले मणी एकमेकांवर घासून पुन्हा पीठ होतात. तोंडाला मास्क लावा. सिलिंडर अजून चांगला असेल तर रिंग, ओ-रिंग आणि मणी असलेलं दुरुस्ती किट पुरतं; सिलिंडरवर बोट फिरवून खरखर लागली तर नुसती रिंग बदलून भागणार नाही.

नवा कॉम्प्रेसर लावायचाच असेल तर

रिलेही (कॉम्प्रेसरची वीज चालू-बंद करणारा स्विच) बदला. जुन्या रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटतात आणि मग गाडी बंद करून चावी खिशात गेली तरी कॉम्प्रेसर चालू राहतो. सकाळी बॅटरी रिकामी आणि मोटर जळलेली. काही शे रुपयांच्या रिलेपायी हजारोंचा पंप घालवण्यासारखं दुसरं दुःख नाही. फ्यूज उडत असेल तर जास्त अँपिअरचा लावणं ही नुसती चूक नाही, आगीला आमंत्रण आहे.

दुसरं, डिस्कव्हरी 3 ला मुळात हिताची कंपनीचा कॉम्प्रेसर होता, नंतरच्या डिस्कव्हरी 4 ला एएमके कंपनीचा आला. जुन्या गाडीत एएमके बसतो, पण त्यासाठी त्याचा ब्रॅकेट, नळ्या आणि मॉड्यूलचं सॉफ्टवेअर अपडेट लागतं. सॉफ्टवेअर न बदलता लावला, तर मॉड्यूल नव्या पंपाचा हिशोब जुन्या पंपाच्या मोजमापाने करतं आणि चांगला पंपही सदोष ठरवतं.

नळी पकडीने कापणं

नायलॉनची नळी पकडीने किंवा कात्रीने कापली की टोक अंडाकृती होतं आणि जोड गळतो. नळी कापायचा छोटा कटर किंवा नवी ब्लेड वापरा आणि टोक काटकोनात ठेवा. जुन्या जोडाची पितळी रिंग नळीत रुतलेली असते. तिच्या मागून नळी कापून नवा नट आणि नवी रिंग घाला. मग नळी तळाला लागेपर्यंत आत दाबा.

बॅग बदलल्यावर गाडी थेट खाली सोडणं

नवी बॅग येते तेव्हा तिच्यात हवा नसते. लिफ्टवरून गाडीचं वजन तसंच तिच्यावर आलं, तर रबराला वेडीवाकडी घडी पडते आणि पहिल्याच काही दिवसांत तिथून फाटते. चाकाखाली आधार देऊन कोपरा नेहमीच्या उंचीजवळ आणा, स्कॅनरने हवा भरा, घडी चारही बाजूंनी सारखी आहे ना ते बघा आणि मगच वजन सोडा. खालच्या आर्मचे बोल्टही याच उंचीला कसायचे. चाक लोंबकळत असताना कसले, तर बुश (आर्मच्या जोडांतले रबर) कायम पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात. गाडी जुनी असेल तर एका अ‍ॅक्सलच्या दोन्ही बॅगा एकदम बदला. रबराचं वय दोन्हीकडे सारखंच असतं.

सेन्सर काढला किंवा बदलला असेल तर उंचीचं कॅलिब्रेशन आधी आणि व्हील अलाइनमेंट नंतर. उलट क्रमाने केलेलं अलाइनमेंट वाया जातं. एखादा कोपरा अचानक उंच किंवा खाली राहत असेल, तर बॅगेच्या आधी सेन्सरची दांडी निसटली आहे का आणि प्लगमध्ये हिरवा गंज आहे का ते बघा. पावसाळ्यानंतर हा दोष हमखास दिसतो.

गाडी वर दिसावी म्हणून सेन्सरच्या लहान दांड्या लावणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं: मॉड्यूलला फसवून मिळालेली उंची चाकाच्या खाली जाण्याच्या अंतरातून कापली जाते. खड्ड्यात चाक जमिनीपर्यंत पोचत नाही, ड्राइव्ह शाफ्टचे जोड जास्त कोनात फिरतात आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. खडकाळ वाटेवर दिवसभर जाणार असाल तर ठीक. पुणे-नाशिक रस्त्यासाठी नको.

घाटात दिवा लागला तर

पिवळ्या दिव्यावर गाडी नेहमीच्या उंचीला चालते. लाल दिवा आणि 50 किमीची वेगमर्यादा दिसली, तर ती मर्यादा पाळा. बॅग रिकामी असताना गाडी नुसत्या रबरी ठोकळ्यांवर असते आणि मोठ्या खड्ड्यात शॉकचा माउंट तुटू शकतो. बॅगेत हवा टिकत असेल पण मॉड्यूल भलतीच उंची मागत असेल, तर गाडी योग्य उंचीला असताना फ्यूज काढा. उंची तिथेच थांबते आणि सावकाश गावापर्यंत जाता येतं. चिखलातून परतल्यावर गाडी ऑफ-रोड उंचीला न्या आणि घड्यांमधली तांबडी माती ओली असतानाच साध्या पाइपने धुवा. प्रेशर वॉशरचा फवारा जवळून मारला तर तीच माती घडीत आणखी खोल बसते.

जीप ग्रँड चेरोकीच्या 2011 पासूनच्या पिढीतलं क्वाड्रा-लिफ्ट मात्र वेगळ्या जातीचं आहे. ती बंद प्रणाली आहे आणि तिच्यात नायट्रोजन भरलेला असतो. तिथे गळती बुजवल्यावर पंक्चरवाल्याकडची हवा भरू नका. नायट्रोजन त्याच्या उपकरणाने, ठरलेल्या दाबाला भरून घ्या.