न्यूरोसर्जनला फोन लावण्याआधी

इगतपुरीकडून किंवा सिन्नर-शिर्डी रस्त्यावरून डोक्याला मार लागलेला पेशंट निघालाय, असा १०८चा निरोप आला की आधी सक्शन चालतंय का आणि लॅरिंगोस्कोपचा (श्वासनलिकेत ट्यूब घालताना घसा बघायचं साधन) बल्ब लागतोय का ते बघा. मानेची कॉलर हाताशी ठेवा.

पेशंट आला की सोबतच्या माणसाला सोडू नका. अपघात किती वाजता झाला, मधे बोलत होता का, हे त्यालाच माहीत असतं. द्राक्षांच्या पिकअपवरचा एक पोरगा आमच्याकडे पाणी मागत आत आला होता, स्वतःच्या चपला शोधत होता. तासाभरात त्याच्या उजव्या डोळ्याची बाहुली मोठी झाली. एपिड्यूरल, म्हणजे कवटी आणि मेंदूचं बाहेरचं आवरण यांच्यामध्ये साचलेलं रक्त, असंच फसवतं.

प्रेशर आणि ऑक्सिजन सावरल्याशिवाय जीसीएसवर, म्हणजे शुद्ध किती आहे त्याच्या गुणांवर, विसंबू नका. मोजाल तो झोपेचं औषध देण्याआधी, आणि नुसती बेरीज न लिहिता ई (डोळे उघडणं), व्ही (बोलणं), एम (हालचाल) वेगवेगळं, शेजारी वेळ. श्वासनलिकेत ट्यूब असेल तर व्हीच्या जागी टी. आठ किंवा खाली असेल तर श्वासमार्गाचं आधी बघा. दारूचा वास आला म्हणून गुंगी दारूवर ढकलायची सवय वाईट; शुगर तपासा आणि सीटी कराच.

सीटीवर रिपोर्टची वाट न बघता स्वतः मोजा. एपिड्यूरल ३० सीसीच्या वर असेल, किंवा सबड्यूरलची (त्या आवरणाच्या आत साचलेल्या रक्ताची) जाडी १० मिलिमीटरच्या वर वा मेंदूची मध्यरेषा ५ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकलेली असेल, तर जीसीएस काहीही असो, ऑपरेशन करून साचलेलं रक्त काढण्याचाच विचार होतो. सीसी काढायला लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून निम्मं करा.

तोवर क्रॉसमॅच (रक्त जुळवणं) आणि आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) यांचं सँपल गेलेलं असावं. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, हे म्हाताऱ्या पेशंटच्या घरच्यांना दोनदा विचारा; ‘बीपीची गोळी’ म्हणतील, पाकीटच मागवा. नातेवाईक सुरगाणा-पेठकडचे असतील तर संमतीच्या वेळी तिकडची कोकणा बोली बोलणाऱ्या मावशींना उभं करा.

मग फोन: ‘२.१०ला ई३ व्ही४ एम६, २.५०ला ई२ व्ही२ एम५, उजवी बाहुली मोठी, उजवीकडे एपिड्यूरल, अंदाजे ४० सीसी, गोळ्या नाहीत, ओटीला कळवलंय.’ एवढं सांगितलंत तर सर उलट प्रश्न विचारत नाहीत, गाडीची किल्ली शोधतात.