कमी चालणाऱ्या पिकअपचं गिअर ऑइल कधी बदलावं?

आंब्याच्या हंगामात धावणारी आणि एरवी दारात उभी असणारी पिकअप नुसत्या किलोमीटरवर तोलू नका. मॅन्युअलमध्ये महिन्यांची मुदतही दिली असेल, तर जे आधी भरेल ते धरायचं. त्यातून कोकणातला पाऊस! गरम डिफरन्शियल (चाकांना जोर वाटून देणारा गिअरचा डबा) साचलेल्या पाण्यात शिरलं की एकदम थंड होतं, आणि ब्रीदर (आतल्या हवेला ये-जा करायची छोटी वाट) तुंबलेला असेल तर सीलमधून पाणी आत ओढलं जातं.

म्हणून पावसाळा सरला की गाडी सपाट जागी लावा, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचे फिलर प्लग (ऑइल भरायच्या भोकाचं बूच) उघडा आणि बोटावर थोडं ऑइल घ्या. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय; मुदत न बघता बदला, ब्रीदरही साफ करा. जळका वास आला तरी तेच. ड्रेन प्लगला (ऑइल काढून टाकायच्या बुचाला) चुंबक असेल, तर त्यावरचा मऊ राखाडी लगदा नेहमीचाच. नखाला टोचणारे तुकडे मात्र मेकॅनिकला दाखवाच.

एक अगदी जपा: फिलर प्लग सुटतोय याची खात्री झाल्याशिवाय ड्रेन प्लगला हात लावू नका. फिलर प्लगच गंजून अडकला असेल, तर रिकामा गिअरबॉक्स भरणार कुठून?