इंटरॅक्टिव्ह भिंतीची मांडणी आधी मास्किंग टेपने करा

इंटरॅक्टिव्ह भिंत म्हणजे प्रोजेक्टरने टाकलेल्या चित्राला हात लावला की प्रतिसाद देणारी भिंत. लॅपटॉपवर नेटकी दिसणारी तिची मांडणी प्रोजेक्टरने भिंतीवर टाकली की मुलांचे हात पुरत नाहीत, आणि बघणाऱ्याची सावली नेमकी मधोमध पडते. म्हणून कोडला हात घालण्याआधी:

१. चित्राच्या रुंदीला प्रोजेक्टरच्या थ्रो रेशोने (भिंतीपासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी) गुणा. रुंदी ३ मीटर, रेशो १.५, तर प्रोजेक्टरचं भिंतीपासूनचं अंतर ४.५ मीटर. तिथे जमिनीवर टेपची खूण करा.

२. एक लहान मूल आणि एक उंच माणूस भिंतीपाशी उभे करा. दोघांचाही हात न ताणता, न वाकता पोचेल तेवढा पट्टा टेपने आखा. स्पर्शाची चित्रं फक्त त्यातच. उरलेली भिंत नुसती बघायला.

३. सावली नडलीच तर शॉर्ट थ्रो प्रोजेक्टर (भिंतीच्या जवळूनच मोठं चित्र टाकणारा) वरून लावा.

नुकत्याच रंगवलेल्या भिंतीवर टेप रात्रभर ठेवू नका, रंग निघून येतो.