दुखरा पाय वरच राहू द्या: गुडघ्याची फिजिओथेरपी घरी कशी करावी

गुडघा दुखतो म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला: ‘जिने टाळ.’ दुसरा: ‘वंगण संपलंय, आता जपूनच राहायचं.’ हे दोन्ही मी दोनदा ऐकले. आधी उजव्या गुडघ्याच्या वेळी, मग चार वर्षांनी डाव्याच्या. उजव्याच्या वेळी ऐकून घेतलं आणि जिन्याचा कठडा दोन्ही हातांनी धरून उतरण्यापर्यंत मजल गेली, तेव्हा कुठे व्यायामाला लागले. डाव्याच्या वेळी ऐकलं नाही.

वंगणाचं एकदा मिटवून टाकू. सांध्यातला द्रव शरीर बनवतच असतं. उलट दुखरा गुडघा बरेचदा सुजलेला असतो, म्हणजे त्यात द्रव नेहमीपेक्षा जास्तच असतो. हाडांच्या टोकांवरच्या कूर्चेला, म्हणजे गुळगुळीत आवरणाला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण या द्रवातून होतं आणि भार पडला-सुटला की तो द्रव आतबाहेर होतो. पाय लांब करून बसून राहिल्याने हे होत नाही.

तुम्ही डॉक्टरांना दाखवलंय, त्यांनी झीज किंवा वाटीमागचं दुखणं असं काहीतरी सांगितलंय आणि व्यायामाला हरकत नाही म्हटलंय, हे मी धरून चालते. पडल्यानंतर पायावर भार देता येत नसेल, गुडघा अडकून सरळच होत नसेल, तो लाल-गरम होऊन ताप आला असेल किंवा एकच पोटरी सुजून दुखत असेल, तर हे वाचणं बंद करून आजच डॉक्टरांकडे जा. आणि जांघेतही दुखत असेल, मोजा घालायला पाय वर घेणं अवघड जात असेल, तर खुबा तपासून घ्या. खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं आणि लोक महिनोन्महिने भलत्याच सांध्याची सेवा करत बसतात.

पहिली पायरी: मांडी आवळणं

पाठीवर झोपा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, गुडघ्याने ती खाली दाबा. पाच सेकंद दाबायचं, सोडायचं, असं दहा वेळा. दिवसातून दोन-तीनदा. मांडी आवळली की वाटी थोडी वर सरकलेली दिसली पाहिजे. सुरुवातीला काहीच हलत नाही आणि माणूस घाबरतो. सांध्यात सूज असली की मांडीच्या स्नायूला मिळणारा आदेशच दबतो, म्हणून असं होतं. रोज करत राहिलं की स्नायू जागा होतो.

दुसरी: पाय सरळ उचलणं

दुसरा गुडघा वाकवून ठेवा, दुखरा पाय सरळ ठेवून त्या गुडघ्याच्या उंचीपर्यंत उचला, हळू खाली आणा. दहाचे तीन सेट. उचलताना गुडघा जरासा वाकत असेल तर पहिल्या पायरीवर परत.

तिसरी: कुशीवर झोपून पाय वर

वरचा, म्हणजे दुखरा पाय सरळ, किंचित मागे, बोटं पुढे. दहाचे तीन सेट. कंटाळवाणा प्रकार आहे, पण पाचव्या पायरीवर कंबर सांभाळणारा स्नायू हाच. गाळू नका.

चौथी: खुर्चीवरून उठणं-बसणं

हात छातीशी धरून खुर्चीवरून उठा, हळू बसा. जमत नसेल तर खुर्चीवर उशी टाकून उंची वाढवा. इथे सगळे लबाडी करतात: चांगल्या पायावर भार टाकून उठतात आणि दुखरा नुसता सोबतीला. दोन्ही टाचांवर सारखा भार हवा. दहाचे तीन सेट बिनतक्रार व्हायला लागले की पुढे.

पाचवी: पायरी उतरणं

आता खरं काम. बरेच जण इथेच थांबतात, कारण चौथ्या पायरीपर्यंत दुखणं कमी झालेलं असतं. मग जिना उतरताना गुडघा परत बोलतो आणि ‘व्यायामाचा काही उपयोग नाही’ असा निकाल लागतो. सपाट चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण अडीच पट भार येतो, जिना उतरताना साडेतीन पटीच्या आसपास. कृत्रिम गुडघ्यात मापक बसवून हे मोजलेलं आहे. शिवाय उतरताना मांडीचा स्नायू लांब होत होत ब्रेक लावतो. झोपून पाय उचलण्यात हा ब्रेक लावायचा सराव होतच नाही.

माझी चूक आधी सांगते, कारण तुम्हीही तीच करणार. मला दवाखान्यात शिकवलं होतं, ‘चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी.’ रोजच्या जिन्यासाठी हे अगदी बरोबर आहे. मी घरी येऊन व्यायामही तसाच करायला लागले: ठोकळ्यावर उभी राहून दुखरा पाय खाली सोडायचा. तीन आठवडे नेमाने केलं. मग फिजिओथेरपिस्टने बघितलं आणि विचारलं, ‘यात काम कोणता पाय करतोय?’ तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. खाली जाणारा पाय रिकामा असतो. शरीर तोलून हळूहळू खाली उतरवणारा पाय वर, ठोकळ्यावर असतो. म्हणजे तीन आठवडे मी माझा चांगला पाय अधिक चांगला करत होते. रोजचा नियम दुखऱ्या पायाला वाचवण्यासाठी आहे, व्यायामाचा त्याला कामाला लावण्यासाठी. म्हणून व्यायामात दुखरा पाय वरच राहतो.

ठोकळा पाच सेंटीमीटरचा घ्या, त्याहून उंच नको. तो घट्ट बसणारा हवा. पुस्तकांची चळत सरकते. जिन्याची पूर्ण पायरी इतक्यात नाही. मी दुसऱ्याच दिवशी जिन्यावर गेले होते आणि त्याची किंमत आठवडाभर मोजली. शेजारी भिंत किंवा कठडा असू द्या. दोन बोटं टेकवायची, लटकायचं नाही.

आरशासमोर उभं राहा. दुखरा पाय ठोकळ्यावर, चांगला पाय समोर अधांतरी. आता दुखरा गुडघा हळूहळू वाकवत चार अंक मोजा आणि चारला चांगल्या पायाची टाच जमिनीला नुसती शिवू द्या. भार द्यायचा नाही. खाली अंडं ठेवलंय असं समजा. मग दुखऱ्याच पायाच्या जोरावर परत वर. खालच्या पायाने ढकलून वर येणं म्हणजे फुकटची लिफ्ट.

आरशात तीन गोष्टी बघा. गुडघा आत, दुसऱ्या पायाकडे झुकतोय का? तो पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे. मोकळ्या पायाकडची कंबर खाली लोंबतेय का? तसं असेल तर तिसरी पायरी तुम्ही गाळलेली आहे, मला माहीत आहे. आणि शेवटचा अर्धा इंच धप्पकन पडतोय का? मला सगळ्यात जास्त त्रास याच अर्ध्या इंचाने दिला. तीनपर्यंत सगळं सुरेख, चारला धप्प. त्यावर जोर लावून उपयोग नसतो, ठोकळा कमी उंचीचा घ्यावा लागतो. मी तीन सेंटीमीटरच्या फळीवर उतरले आणि तिथे बारा दिवस काढले. लाज वाटली, पण धप्प गेलं.

आठाचे दोन सेट, एक दिवसाआड. रोज नको, ताकदीच्या व्यायामाला मधला दिवस लागतो. तीन सेट स्वच्छ व्हायला लागले की उंची दोन-अडीच सेंटीमीटरने वाढवा. पाचवरून पंधरापर्यंत जायला मला दोन महिने लागले. ‘पंधरा दिवसांत गुडघेदुखी गायब’ सांगणाऱ्याला विचारा, स्नायू पंधरा दिवसांत कोण वाढवतं.

किती दुखलं तर चालेल?

‘दुखलं की थांब’ हा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. तसं केलं तर व्यायाम कधीच होणार नाही. शून्य ते दहा अशी पट्टी मनात धरा. तीन-चारपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत नेहमीच्या पातळीवर आलं तर चालू ठेवा. पाचच्या वर गेलं किंवा चोवीस तासांनीही उतरलं नाही तर उंची कमी करा, व्यायाम बंद करू नका. सकाळी उठल्या उठल्या वाटीच्या मधोमध टेप लावून घेर मोजा आणि लिहून ठेवा. तो एक सेंटीमीटरने वाढला असेल, तर दुखणं कमी असलं तरी ती सूज आहे. दोन दिवस पहिल्या पायरीवर. आणि सूज किंवा दुखणं वाढतच चाललं तर परत दाखवा.

मशीनचं काय, असं सगळे विचारतात. शेक घेऊन बरं वाटत असेल तर व्यायामाआधी दहा मिनिटं घ्या. पण अल्ट्रासाउंड आणि करंटची मशीन लावून पडून राहणं म्हणजे फिजिओथेरपी नव्हे. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत सांध्यांच्या झिजेसाठी व्यायाम मुख्य उपचारांत आहे आणि ही मशीन देऊ नयेत असं स्पष्ट लिहिलंय. तुमची पूर्ण वेळ मशीनवरच जात असेल तर फिजिओथेरपिस्टना सरळ विचारा, ‘माझे व्यायाम कधी सुरू होणार?’ गुडघ्याला बांधायच्या पट्ट्याचंही तेच: लांब चालायचं असेल त्या दिवशी घाला, दिवसभर घालून बसू नका.

वजन जास्त असेल तर तेही उतरवा. एक किलो उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी कमी होतो.

पंधरा सेंटीमीटर जमलं की आठवड्यातून दोनदा चौथी आणि पाचवी पायरी कायम ठेवा, दोन्ही पायांनी. मी उजवा बरा झाल्यावर सगळंच सोडलं होतं. डावा सुरू झाला तेव्हा पाच सेंटीमीटरचा तो ठोकळा माळ्यावरून काढून आणावा लागला. आता तो आरशाखालीच असतो.