हाँगकाँगला एकच संध्याकाळ असेल तर

व्हिक्टोरिया पीक या डोंगरावर नेणाऱ्या पीक ट्रामच्या रांगेत संध्याकाळ घालवू नका. सेंट्रल या भागातून १५ नंबरची डबलडेकर बस थेट त्याच डोंगरावर जाते. वळणावळणाचा रस्ता, वरच्या मजल्यावरची पुढची सीट मिळाली तर मजाच. वरून बंदर बघून अंधार पडायच्या आत खाली या आणि स्टार फेरीने पलीकडे चिम शा चुईला जा. भाडं किरकोळ, प्रवास जेमतेम दहा मिनिटांचा. ऑक्टोपस कार्ड, म्हणजे आधी पैसे भरून ठेवायचं तिथलं प्रवासाचं कार्ड, बस आणि फेरी दोन्हीकडे चालतं. फेरीतल्या लाकडी बाकांची पाठ पुढे-मागे ढकलता येते, त्यामुळे बोट कुठल्याही दिशेने जावो, तोंड पुढेच करून बसायचं! उतरल्यावर जुन्या घड्याळाच्या मनोऱ्याजवळ कठडा गाठा. रात्री ८ला समोरच्या इमारतींवर रोषणाईचा खेळ सुरू होतो. खरं तर रोषणाईपेक्षा मला ती फेरीच जास्त आवडते.