जुना लॅपटॉप: अजून पैसे घालायचे की सरळ नवा घ्यायचा?

घरात जो कोणी "कॉम्प्युटरमधलं कळणारा" असतो ना त्याच्याकडे वर्षातून एकदा तरी कोणाचातरी लॅपटॉप येतोच, बघ रे जरा, फार स्लो झालाय, नवाच घेऊ का म्हणून. गेल्या महिन्यात मावशीचा आला. इंटेलचा आय थ्री ५००५ यू प्रोसेसर, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, एकेकाळी घरोघरी असायचा तसलाच. बटण दाबलं, चहा टाकला, चहा पिऊन कप विसळून आलो तरी स्क्रीनवर गोल फिरतंयच.

आता दुकानात नेलं की ते सांगणार नवा घ्या, त्यामुळे आधी घरीच बघा गाडी अडतीये कुठे. चालू करून पाच-दहा मिनिटं हात लावू नका, मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडतो, त्यात परफॉर्मन्सवर जा आणि रोज करता तेच काम करा, क्रोमचे चार टॅब, एक्सेल, एखादा व्हिडिओ. डिस्क १०० टक्क्यांवर चिकटलीये आणि सीपीयू २०-३० वर लोळतोय? मग प्रोसेसर बिचारा रिकामा बसलाय, हार्ड डिस्क त्याला काम देत नाहीये. मेमरी ८५-९० च्या वर गेली तर रॅम कमी पडतीये, आणि रॅम भरली की विंडोज उरलेलं डिस्कवर ढकलतं म्हणून डिस्कपण १०० दाखवते, म्हणजे दोन्ही आकडे एकत्र वाचायचे. आणि सीपीयूच सतत १०० वर असेल तर एकदा फॅनमधली धूळ काढून बघा, तरी तसंच असेल तर विषय संपला, असल्या लॅपटॉपचा प्रोसेसर बोर्डावर सोल्डर केलेला असतो, तो बदलता येत नाही.

मावशीचा: डिस्क १००, मेमरी ८७, सीपीयू २५. म्हणजे जीव आहे अजून.

अशा वेळी पहिला खर्च एसएसडीचाच, म्हणजे फिरणारे भाग नसलेली, चिपवाली डिस्क. साधी साटा (जुन्या हार्ड डिस्कच्याच जागी बसणारी) एसएसडीसुद्धा सेकंदाला ५०० एमबीच्या आसपास वाचते, फिरणारी डिस्क १०० च्या आगेमागे, पण खरा फरक बारीक बारीक फायलींमध्ये कळतो, कारण तिथे जुन्या डिस्कची सुई इकडून तिकडे धावत बसते. शिवाय उद्या लॅपटॉप मेलाच तर एसएसडी काढून यूएसबी केसमध्ये घालून वापरता येते, पैसे बुडत नाहीत.

रॅमचं मात्र उघडून बघितल्याशिवाय काही घेऊ नका. मी एकदा शहाणपणा करून डीडीआर फोर प्रकारची रॅम घेऊन आलो, मशीनमध्ये स्लॉट डीडीआर थ्रीचा, खाचच वेगळ्या जागी, बसणार कशी? दुकानदाराने परत घेतली नाही ती नाहीच, अजून ड्रॉवरमध्ये पडलीये. वर सध्या रॅमचे भाव चढलेत. जुन्या प्रकारचीच हवी तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या ठिकाणी वापरलेली मिळते. काही स्वस्त लॅपटॉपमध्ये रॅमही सोल्डर आणि स्टोरेजही ३२-६४ जीबीचं चिकटवलेलं, तिथे एक रुपया घालू नका.

मग विंडोजचा घोळ. विंडोज दहाचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, घरगुती लॅपटॉपला वाढीव सिक्युरिटी अपडेट घेतले तरी ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. अकराला अधिकृतपणे इंटेलची आठवी जनरेशन किंवा पुढची, नाहीतर एएमडीच्या रायझनमधलं, लॅपटॉपमध्ये साधारण ३००० पासून पुढचं लागतं, मावशीचा पाचवीतला, नापास. जुगाड करून टाकता येतं पण ज्याच्यावर बँकेचं काम चालतं तिथे मी नाही करत. मावशीला मेल, यूट्यूब आणि भिशीचा हिशोब एवढंच लागतं म्हणून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टिम टाकली. टॅली वगैरे विंडोजवरचे प्रोग्राम लागत असतील तर मिंटच्या नादी लागू नका.

हिशोब साधा ठेवा. एसएसडी, रॅम, बॅटरी, बिजागरी मिळून खर्च जर तसाच जुना लॅपटॉप ज्या भावाला मिळतो त्याच्या निम्म्यावर गेला तर थांबा. बिजागरी तुटून बॉडी फाटलीये आणि बॅटरी वीस मिनिटांत मान टाकतीये, अशी जोडी असेल तर मी पुढचं बघतही नाही.

आणि नवा घ्यायचाच ठरला तर दुकानातला सगळ्यात स्वस्त, सेलेरॉन प्रोसेसर आणि ४ जीबीवाला उचलू नका, तो पहिल्या दिवसापासूनच म्हातारा असतो. त्यापेक्षा ऑफिसातून निघालेला रिफर्बिश्ड (तपासून-दुरुस्त करून विकलेला), आठवी जनरेशन किंवा पुढचा, ८ जीबी आणि एसएसडीवाला बरा, फक्त वॉरंटी लिहून घ्या आणि चार्जर काढून अर्धा तास चालवून बघा.

मावशीचा आता एसएसडीवर अर्ध्या मिनिटात चालू होतो. जुनी हार्ड डिस्क लगेच फॉरमॅट करू नका हां, सहा महिने कपाटात तशीच ठेवा, "अरे त्या बारशाच्या फोटोंचा फोल्डर कुठे गेला" हा फोन येतोच, मला चौथ्या दिवशी आला.